वाचक विचारतात : भरीत पार्टी रविवारी नको

प्रश्न : जळगावच्या एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना आहे. ४२ कामगार, दोन पाळ्या. गेल्या थंडीत एका रविवारी मळ्यात भरीत पार्टी दिली. निम्मे आलेच नाहीत. आले ते जेवले की निघाले. माणसं एकमेकांत मिसळावीत म्हणून काय करावं?
— एक कारखानदार

उत्तर : बेत चांगला होता, वार चुकला. खेड्यावरून येणाऱ्या कामगाराचा थंडीतला रविवार कापूस वेचण्यात किंवा हरभऱ्याला पाणी देण्यात जातो. त्या दिवशी मालकाने जेवायला बोलावलं तर त्याच्या लेखी ती बिनपगारी ड्यूटीच.

जेवण पाळीच्या वेळेत ठेवा. पाळ्या ७ ते ३ आणि ३ ते ११ असतील तर दुसऱ्या पाळीला दुपारी २ लाच बोलवा, तो ज्यादा तास दुप्पट दराने हजेरीत धरा आणि ४ पर्यंत लूम बंद ठेवा. एरवी गेटवर डबा हलवत एकमेकांना ओलांडणारी माणसं तासभर एका पंगतीत बसतील. पहिली पाळी ३ ला सुटेल, एसटीही चुकणार नाही. प्लास्टिकचा दाणा वितळवणारा एक्स्ट्रूडर मात्र तापलेला असताना अचानक थांबवला तर बॅरलमधला माल जळतो. तिथे दोघं लागतीलच. त्यांना अर्ध्या तासाने बदला. 'तुमचं ताट झाकून ठेवलंय' म्हणून त्यांना शेवटी एकटं जेवायला लावलं की सगळ्या बेतावर पाणी.

चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीपर्यंत थांबतात, म्हणून बेत त्यानंतरच ठरवा. ४२ जणांना भरताची हिरवी वांगी १५ किलो, शेंगदाणे १ किलो, हिरवी मिरची आणि लसूण अर्धा-अर्धा किलो, कांद्याची पात २ किलो, तेल दीड किलो धरा. वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा; न टोचलेलं वांगं आत वाफ कोंडून फुटतं. टोचताना किडकंही कळतं. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, पण आवारात नाही! चटईचे रोल आणि प्लास्टिकचा दाणा जवळ असताना वाळल्या काड्यांची एक ठिणगी पुरते. गेटबाहेर, वाऱ्याची दिशा बघून, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवून भाजा. साली काढून लाकडी मुसळाने ठेचा. मिक्सरमध्ये भरताची चटणी होते.

कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या बचत गटाकडून मागवा. माणशी ५ धरल्या तर २१०. हे मुद्दाम सांगतोय, कारण पार्टी कारखान्याची आणि पीठ मळायला कारखान्यातल्याच चार बाया, हे आपल्याकडे सर्रास चालतं. मग त्यांची पार्टी कधी? वाढायला तुम्ही आणि सुपरवायझर उभे राहा. भाषण करू नका, उत्पादनाचा विषय तर अजिबात नको. आणि या खर्चाकडे बोट दाखवून बोनस रोखू नका, किमान ८.३३ टक्के बोनस कायद्याचा आहे, भरीत तुमच्या मर्जीचं. पगार ७ तारखेनंतर होत असेल तर आधी तो वेळेवर करा. थकलेल्या पगारावर भरीत वाढलं तर लोक जेवतील आणि बाहेर जाऊन हसतील.

प्रश्न : धुळ्यातल्या पतसंस्थेत आम्ही २३ जण आहोत. प्रत्येक वाढदिवसाला ५० रुपये वर्गणी, केक, तोंडाला क्रीम फासणं. मला हे नकोसं होतं, पण नाही म्हटलं तर माणूसघाणी ठरते.
— एक वाचक

उत्तर : ५० प्रमाणे २३ वाढदिवस म्हणजे वर्षाला ११५० रुपये, आणि शिपायालाही तेवढेच. व्यवस्थापकांना हा हिशोब दाखवा. मग सुचवा : महिन्यातून एकच दिवस, कामकाज संपायच्या आधीचा अर्धा तास, खर्च संस्थेचा, आणायची जबाबदारी चिठ्ठी टाकून. केकच कशाला, गरम भजी आणि चहा पुरे. ज्याला आपली तारीख सांगायची नाही त्याचं नाव यादीत नको. क्रीम फासणं सरसकट बंद. बाईच्या मनाविरुद्ध गालाला हात लावणं 'मजेत' बसत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसातल्या अशा कार्यक्रमालाही लागू आहे आणि १० किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तुमच्याकडे ती आहे का, तेही विचारून घ्या.

प्रश्न : संगीत खुर्ची आणि अंताक्षरीला कोणी उठतच नाही. बक्षीस वाढवू का?
— एक व्यवस्थापक, नंदुरबार

उत्तर : नको. साहेबांसमोर धावताना पडायला कोणालाच आवडत नाही. कॅरमचे दोन बोर्ड जेवणाच्या खोलीत कायमचे ठेवा, पावडरचा डबा भरलेला असू द्या, आणि सुट्टीत तिकडे फिरकू नका.