वाळवंटी राज्यातील गार गावे

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहतात. नातीची शाळा बंद असते ती जून-जुलैत, त्यामुळे आम्हा दोघांना बोलावणे येते तेही नेमके त्याच दिवसांत. मागच्या खेपेला सकाळी सातनंतर घराबाहेर पडणे अशक्य झाले होते. ह्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. त्याच राज्यात उन्हाळा सुसह्य असलेली गावे आहेत असे ऐकते. आम्ही तिथे महिनाभर भाड्याने राहावे का? मुलगी पुढे घर घेण्याचाही विचार करते आहे, तर तिने कोणते गाव पाहावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. ॲरिझोना म्हटले की निवडुंग आणि तापलेली माती डोळ्यांसमोर येते, पण त्या राज्याचा उत्तर आणि पूर्व भाग उंच पठारांचा, पाइन वृक्षांच्या दाट जंगलांचा आहे. गाव गार की गरम, हे तिथे मुख्यतः समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर ठरते. फिनिक्स सुमारे ३३० मीटरवर, सखल खोऱ्यात वसलेले आहे. दिवसा तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहते, म्हणून तिथे सूर्यास्तानंतरही सुटका होत नाही. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर गेले होते. उन्हाळ्याच्या दिवसांत दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण सात अंशांनी उतरते, हा हिशेब ध्यानात ठेवला, तर कोणत्याही गावाची जाहिरात वाचण्याआधी त्याची उंची पाहावी, हे मुलीलाही सांगता येईल.

सर्वांत प्रसिद्ध नाव फ्लॅगस्टाफ. फिनिक्सपासून सुमारे २३० किलोमीटरवर, २,१०० मीटर उंचीवरचे हे शहर आहे. आपल्या गोव्यातील सर्वांत उंच शिखर, सत्तरीतले सोंसोगड, १,२०० मीटरच्याही आतच आहे, यावरून कल्पना यावी. जुलैत दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे १०-११ पर्यंत उतरतो, म्हणजे भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो. विद्यापीठ आहे, मोठे रुग्णालय आहे, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि १८९४ मध्ये स्थापन झालेली लॉवेल वेधशाळा, जिथून १९३० साली प्लूटोचा शोध लागला, ती शहरातच आहे. रात्रीचे आकाश काळोखे राहावे म्हणून दिव्यांवर नियम करणाऱ्या या शहराला २००१ मध्ये जगातील पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ शहर असा मान मिळाला. नातीला घेऊन एक रात्र तिथे अवश्य काढावी.

तरीही आपणा उभयतांना महिनाभराच्या मुक्कामासाठी मी फ्लॅगस्टाफ सुचवणार नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक कमी असतो आणि प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. निरोगी माणसालाही पहिले काही दिवस डोके जड होणे, जिना चढताना धाप लागणे, झोप मोडणे असा त्रास होतो. समुद्रकाठी आयुष्य गेलेल्या आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिथे जाऊ नये. स्वयंपाकघरातही हा फरक लगेच दिसतो. पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर खदखदली तरी बोटाखाली दाणा कडकच लागतो आणि उकड्या तांदळाच्या पेजेचा तर विचारच नको. प्रेशर कुकर सोबत असलेला बरा, आणि त्यातही शिट्ट्या नेहमीपेक्षा वाढवाव्या लागतात.

माझ्या मते आपल्यासाठी योग्य गाव प्रेस्कॉट. ते सुमारे १,६४० मीटरवर आहे आणि फिनिक्सपासून १६० किलोमीटरवर असल्यामुळे मुलगी-जावई शनिवार-रविवारी सहज येऊ शकतात. १८६४ मध्ये या प्रांताची पहिली राजधानी झालेले हे टुमदार गाव आहे; मध्यभागी न्यायालयाची जुनी इमारत, भोवती झाडांखालचे मोकळे मैदान, आणि निवृत्तांची वस्ती मोठी असल्यामुळे ज्येष्ठांसाठी सोयी बऱ्या. जुलैची दुपार ३१-३२ अंशांची, रात्र १५-१६ अंशांची. आकडा फोंड्याच्या मे महिन्याजवळ जाणारा वाटेल, पण घाम निथळत नाही आणि रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येते, त्यामुळे शरीराला तो उन्हाळा अगदी वेगळा भासतो.

मात्र या कोरडेपणात एक धोका आहे. गोव्यात कपडे घामाने चिंब झाले की आपण आपसूक पाणी मागतो. तिथे घाम त्वचेवरच उडून जातो, सदरा कोरडा राहतो, कपाळावर हात फिरवला तर मिठाची खरखर तेवढी लागते. तहान लागेपर्यंत शरीरातले पाणी बरेच घटलेले असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकणाऱ्या असतात, तेव्हा ह्यांची गोळी त्यांपैकी आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. प्रवासविम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, तेही कलम वाचावे.

सेडोना या लाल कड्यांच्या गावाची छायाचित्रे मोहात पाडतील, पण ते जेमतेम १,३०० मीटरवर आहे आणि तिथला उन्हाळा ३५ अंशांच्या पुढे जातो. दोन दिवसांसाठी ठीक. पेसन प्रेस्कॉटपेक्षा थोडे गरम. पूर्वेकडच्या व्हाइट माउंटन्स भागातील शो लो आणि पाइनटॉप-लेकसाइड ही गावे फ्लॅगस्टाफच्या खालोखाल गार आहेत, जंगल आणि तळी सुंदर आहेत, परंतु फिनिक्सपासून तीन तासांची वाट आहे आणि स्वतःची मोटार नसेल तर माणूस घरातच अडकतो. दक्षिणेला सिएरा व्हिस्टा आणि तांब्याच्या खाणींचे जुने गाव बिसबी यांचा हिवाळा अधिक सौम्य असतो. बिसबीच्या उतारांवर घरांपर्यंत जाणाऱ्या पायऱ्याच पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी ते केवळ पाहून यावे.

घर घेण्याचा प्रश्न मात्र उन्हाळ्यापुरता पाहू नये. फ्लॅगस्टाफमध्ये वर्षाला सरासरी दोन मीटरांहून अधिक बर्फ पडतो; जानेवारीत दारापुढचा बर्फ फावड्याने काढण्याची ज्याची तयारी आहे त्यानेच तिथे घर पाहावे. त्याहून गंभीर बाब म्हणजे वणवा. पाइनचे जे जंगल गारवा देते तेच मे-जूनमध्ये वाळून कोळ होते. २०११ च्या वॉलो वणव्यात दोन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळले. ३० जून २०१३ रोजी यार्नेल हिलच्या वणव्यात प्रेस्कॉटच्या अग्निशमन दलाच्या एकाच तुकडीतील १९ जवान मृत्युमुखी पडले. जळालेला डोंगर पुढच्या पावसात पाणी शोषून घेत नाही, म्हणून २०१० मध्ये फ्लॅगस्टाफजवळ आगीपाठोपाठ पूरही आला. त्यामुळे मुलीने घराचा विमा मिळतो का आणि कितीला मिळतो, ही चौकशी इसारा देण्याआधी करावी, आणि गावातून बाहेर पडायला रस्ते किती, तेही पाहावे.

पाण्याचेही तसेच. १९८० च्या भूजल कायद्यानुसार प्रेस्कॉटसह काही नियंत्रित क्षेत्रांत नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाणीपुरवठ्याची हमी दाखवावी लागते. या क्षेत्रांबाहेर, विशेषतः स्वतःच्या विहिरीवर चालणाऱ्या घरांत, खरेदीदारानेच डोळ्यांत तेल घालून चौकशी करायची असते. नळ गोव्यातही कोरडे पडतात, पण चार महिने धो धो पाऊस येणार याची आपल्याला खात्री असते. तिथे जुलै ते सप्टेंबरमधील दुपारची वादळे, एवढाच काय तो पावसाळा.

जमल्यास आपण जूनऐवजी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगरावर जावे. तोवर पावसाच्या सरी सुरू होऊन वणव्याची भीती सहसा ओसरू लागते. प्रेस्कॉटला दहा-बारा दिवस राहून शरीर रुळले, आणि डॉक्टरांची हरकत नसली, की मग फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यन करावे. कॅन्यन वरूनच पाहावे, खाली उतरू नये. तळाशी उन्हाळ्यात चाळिशीपलीकडचे ऊन असते.

प्रश्न : आपल्याच राजस्थानात निवृत्तीनंतर राहण्याजोगे असे एखादे थंड गाव आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : एकच, माउंट अबू. अरवलीवर सुमारे १,२०० मीटर उंचीवर असल्यामुळे पायथ्यापेक्षा तिथे सहा-सात अंशांनी गार असते. ज्या राज्यातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, तिथे ही मोठीच सवलत. परंतु २००९ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे आणि बांधकामावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे स्वस्त भूखंड दाखवणाऱ्या दलालाकडे मुळीच वळू नये. उदयपूर तलावांचे शहर असले तरी सुमारे ६०० मीटरवरच आहे आणि मे महिन्यात चांगलेच तापते. अबूला जायचे असल्यास गुजरातमधील सुट्ट्यांची आणि दिवाळीची गर्दी टाळून, भाड्याच्या घरात मे आणि डिसेंबर असे दोन्ही महिने काढून पाहावेत, कारण हिवाळ्यात तिथे काही पहाटे पारा शून्याला टेकतो आणि म्हापशाहून गेलेल्या माणसाला उन्हाळ्यापेक्षा तोच अधिक सोसवणार नाही.