फाइली उतरतात, व्याख्यान तुटते

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात संशोधन करणारी मुले जनुकांच्या माहितीच्या अवाढव्य फाइली उतरवायला लागली, की ऑनलाइन व्याख्यानाचा आवाज तुटतो. मोठी लाइन घ्यावी का?
— एक प्राध्यापिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, आधी पैसे घालू नका. मोठी लाइनही त्या फाइली भरून टाकतील. मिरज जंक्शनात मालगाडी लूप लाइनीवर थांबवून एक्स्प्रेस पुढे काढतात, तसे करायचे. जाळ्यावरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते; प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर सहा बिटांचा शिक्का असतो. त्यात ० ते ६३ आकडे बसतात. आवाजाला ४६ द्या, म्हणजे ‘आधी सोडा’; घाई नसलेल्या फाइलींना १, म्हणजे ‘थांबले तरी चालेल’.

खरी झटापट शिक्का टिकवण्याची. एका कॉलेजात मी दोन दिवस लॅपटॉप लावून बसलो होतो. पॅकेट ४६ घेऊन आत जाई, बाहेर येई ते ० होऊन. दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या पेटीतला जुना स्विच, म्हणजे तारा जोडून पॅकेटे पुढे धाडणारे यंत्र, शिक्का पुसत होता! म्हणून सांगतो, नियम एकाच सॉफ्टवेअरमध्ये लिहा आणि सगळ्या स्विचना, राउटरना तिथूनच पाठवा. अमेरिकेतल्या ईएसनेट या संशोधन जाळ्यावर ऑस्कर्स नावाचे सॉफ्टवेअर ठरल्या वेळेसाठी बँडविड्थ, म्हणजे लाइनीची क्षमता, राखूनही ठेवते. तुम्हाला एवढे नको.

बाहेरची इंटरनेट कंपनी तुमचा शिक्का मानेलच असे नाही. त्यामुळे उतरणाऱ्या फाइलींचा वेग स्वतःच्या राउटरवर, लाइनीच्या क्षमतेपेक्षा थोडा खालीच बांधा. रात्री दहानंतर मात्र मुलांना मोकळीक द्या. त्यांचेही काम तितकेच मोलाचे आहे.