तक्रारी असूनही पणजीत लोक भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर पुन्हा पुन्हा का घेतात?

स्वस्त पडते म्हणून, हे उत्तर अपुरं आहे. एकट्याला बसच स्वस्त. खरा प्रश्न शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा आहे. म्हापसा, फोंडा, मडगावहून आलेली बस कदंब स्थानकावर सोडते आणि काम असतं आल्तिनोच्या टेकडीवर, सांतिनेजला किंवा मिरामारला. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, लगेच मिळतो, पण तो एका फेरीपुरता. तीन ठिकाणी थांबायचं असेल तर हातात गाडी हवी. स्वतःची आणली तर 18 जून रस्त्यावर ती लावायची कुठे? शिवाय इलेक्ट्रिक स्कूटरचा सगळ्यात महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि भाड्याच्या गाडीत ती जुनी होण्याचा खर्च भाड्याने देणाऱ्याच्या माथी.

माझ्या मते लोक टिकतात ते चार्ज असलेली गाडी ठरल्या जागी मिळते म्हणून. दोनदा रिकामी गाडी मिळाली की माणूस परत येत नाही.

बहुतेक तक्रारी चढावरच्या असतात. परवाना न लागणाऱ्या गाड्यांची मोटर जास्तीत जास्त 250 वॅटची आणि वेग ताशी 25 किमीपर्यंतच असतो. गाडी आणि स्वार मिळून 130 किलो धरले, तर 8 टक्के चढावर एवढ्या ताकदीत वेग ताशी 7-8 किमीवर येतो. तो बिघाड नव्हे. आल्तिनोला जायचं असेल तर नोंदणी झालेली मोठी गाडीच घ्या. तीही बॅटरी 20 टक्क्यांच्या खाली असताना चढावर अचानक मंदावते, कारण जोर लागला की बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं आणि मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर ती कमी करतो. सपाटीवर तीच गाडी पुन्हा नीट चालते, म्हणून लोक गोंधळतात. दोघांना घेऊन 50 मीटर उंची चढायला साधारण दीड किलोमीटर सपाट रस्त्याएवढी वीज जाते, हे धरूनच टक्के मोजा.

घेण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायर अंगठ्याने दाबा, ओरखड्यांचे फोटो काढा. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर असेल तर ती गाडी सोडा. आपल्या खाऱ्या हवेने पिना गंजतात, जोड सैल होतो आणि तिथे उष्णता साठते. नंबरप्लेटही बघा: हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी. ती भाड्याने घेतलीत आणि अपघात झाला तर विमा मिळताना अडचण येते. हेल्मेट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, गाडी भाड्याची असो वा घरची.

भाडं मिनिटावर असेल तर गाडी थांबवून ठेवल्याचेही पैसे लागतात. काम लांबणार असेल तर फेरी बंदच करा. बंद झाल्याचा संदेश येईपर्यंत तिथून हलू नका, नाहीतर मीटर चालूच राहतो. पर्वरीला जाताना नकाशाने अटल सेतू दाखवला तरी तिकडे वळू नका, तिथे दुचाकींना मनाई आहे. मांडवीचा खालचा पूल धरा, आणि त्याआधी गाडीची हद्द नदीपलीकडे आहे का ते अ‍ॅपमध्ये तपासा. हद्दीबाहेर फेरी बंद होत नाही.