घरातली उपकरणं दुरुस्तीला सोपी केली तर पर्यावरणाला खरंच फरक पडतो का, की कमी वीज खाणारं नवं घेणंच बरं?

माझं ठाण्यात चरईला घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे टेबलावर जे येतं त्यावरूनच सांगतो. फरक पडतो, चांगलाच पडतो. फक्त जो भाग झिजणार हे कंपनीला आधीपासून ठाऊक असतं, तो एकटा निघाला पाहिजे आणि बाजारात एकटा मिळाला पाहिजे.

मिक्सर बघा. भांडं जाम झालं की खालचा कपलर, म्हणजे मोटरची फिरकी पात्याला देणारा तुकडा, तुटतो. तो मऊ ठेवलेला असतो तो त्याचसाठी, म्हणजे मोटर जळत नाही. आटे बहुतेक उलटे असतात, शाफ्ट धरून कपलर घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. कार्बन ब्रश, भांड्याचा बुश, वॉशर, सगळं सुटं मिळतं. म्हणून आईच्या वेळचा मिक्सर लेकीच्या घरी चालताना दिसतो.

आता फ्रंट लोड वॉशिंग मशीन. बेअरिंग गेलं की धडधड सुरू होते. बेअरिंग काही शे रुपयांचं, पण काही मॉडेलमध्ये टबचे दोन्ही भाग वितळवून कायमचे जोडलेले असतात. मग अख्खा टब बदला. गिऱ्हाईक किंमत ऐकून म्हणतं, ‘राहू द्या, नवीनच घेतो.’ चांगली मोटर, स्टीलचा ड्रम, काँक्रीटचं वजन, सगळं भंगारात जातं. मला याचा खरंच राग येतो, कारण चार स्क्रू दिले असते तर हे टळलं असतं.

तुमचा विजेचा मुद्दा पंख्याला अगदी लागू आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा नवा पंखा, ३०च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. तेव्हा बीएलडीसी जरूर घ्या. पण जुना पंखा मंदावला तर अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियनही बदलतो. बीएलडीसीचा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर एका कंपनीचा सहसा दुसऱ्याला चालत नाही. खाडीकडच्या दमट हवेत, कोपरी-ऐरोलीकडून येणारे काही बोर्ड हिरवे पडलेले असतात. बोर्ड मिळालाच नाही तर धडधाकट मोटर फेकायची!

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून वॉशिंग मशीन, मोबाइल, लॅपटॉप अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं, त्यात सुट्या भागाची किंमतही धरली. युरोपात जून २०२५पासून नव्या मोबाइल मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक झालंय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२च्या डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, आणि अशाच गुणांकनासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. ते गुण खोक्यावर सक्तीने यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. स्टार लेबल वीज सांगतं, बोर्ड मिळेल का ते सांगत नाही.

तोवर दुकानात स्टारसोबत हेही विचारा: बोर्ड किंवा बेअरिंग सुटं मिळतं का, केवढ्याला, आणि किती वर्षं मिळेल? उत्तर बिलावर लिहून घ्या. पुढे कंपनीने भाग द्यायला नकार दिला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना ते बिल कामी येईल.