लेट्रोझोल चालू असताना हाडं: चालणं आणि दूध पुरतं का?

तुमच्या आईंचा मणक्याचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे 2.1 आलाय, म्हणजे हाडं विरळ झालीत, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून लेट्रोझोल ही कॅन्सर परत येऊ नये म्हणून द्यायची गोळी चालू आहे, त्या रोज चालतात, दूध घेतात, एवढं पुरेल का, असं विचारलंय तुम्ही. चालणं सोडू देऊ नका, पण तेवढ्यावर भागणार नाही.

लेट्रोझोलमुळे शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन हे संप्रेरकही जवळजवळ संपतं. कॅन्सरसाठी तेच हवं असतं, हाडं मात्र भराभर झिजायला लागतात. तरीही गोळी मनाने बंद करायची नाही.

हाडाला भार लागतो, स्नायूंची ओढ लागते. मी याच गोळीवर असताना फिजिओथेरपिस्टने खुर्चीपासून सुरुवात करून दिली: हात न टेकता उठायचं आणि बसताना धपकन न बसता सावकाश, मांड्या भरून येईपर्यंत. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, ओट्यावर हात टेकून दंड, पुढे रबरी पट्टा आणि डंबेल्स. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचं. त्याच त्या हलक्या वजनाचा हाडाला फारसा उपयोग नाही. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज असेल तर आधी विचारा. गोळीने सांधे आखडतात, तेही व्यायामाने बरेच सुटतात. पश्चिमोत्तानासन, हलासन यांसारखी पाठ वाकवणारी आसनं मात्र नकोत, मणक्यावर पुढून दाब येतो. आधाराजवळ उभं राहून एका पायावर तोल सांभाळायचा सराव रोज करू द्या. पडणं टळलं की फ्रॅक्चरही टळतं.

पन्नाशीनंतर बाईला दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, जेवण आणि गोळी मिळून. मोठा पेलाभर दूध म्हणजे 300 च्या आसपास, नाचणीची एक भाकरी पावणेदोनशे. दही, तिळाची चटणी, खात असाल तर काट्यासकट छोटे सुके मासे. पालकातलं कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही. प्रथिनं विसरू नका, आपल्या ताटात ती कमीच पडतात: उसळ, अंडं, पनीर दोन्ही जेवणांत हवं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. 'ड' जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे.

हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनबद्दल ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) स्वतःहून विचारा. ते ठरलं तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा. दात काढायचा असेल तर इंजेक्शनआधीच काढून जखम भरू द्यायची, नंतर काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही.