आजीची साय आणि आपलं दूध

प्रिय सोनू,

तू विचारलंस, आजीच्या दुधावर भाकरीएवढी जाड साय येते, मग आपल्या दुधावर नुसता पापुद्राच का? उकळण्यात चूक नाही, दूधच वेगळं आहे. इथल्या बहुतेक बाटल्यांवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलेलं असतं. म्हणजे दुधातले स्निग्धाचे थेंब यंत्रातून दाबून इतके बारीक केलेले, की ते वर तरंगतच नाहीत. आजीकडचं दूध म्हशीचं, स्निग्धांश 6-7 टक्के, थेंब मोठे. ती उकळी आल्यावर गॅस बारीक करून 5 मिनिटं ठेवते आणि जाळीचं झाकण घालते. घट्ट झाकण घातलं तर वाफेचं पाणी सायीवर ठिबकतं. गार झालं की दूध फ्रिजमध्ये, सकाळी साय डब्यात.

ती साय 5-6 दिवसांचीच जमवायची, फार शिळी झाली की कडवट होते. मग ती कोमट करून चमचाभर दही घालून रात्रभर विरजायची. बोट सहज बुडवून ठेवता येईल इतपतच कोमट. जास्त गरम असेल तर विरजण मरतं. सकाळी रवीने घुसळायचं. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालतात, नाहीतर लोणी मऊ पडून ताकातच पसरतं. थंडीत उलट, थोडं कोमट पाणी लागतं.

लोणी 2-3 पाण्यांनी धुणं फार महत्त्वाचं. ताक राहिलं तर बेरी, म्हणजे लोणी कढवून तूप करताना खाली उरणारा गाळ, जास्त पडते, तळाला लागते आणि तुपाला आंबूस वास येतो. कढवताना जाड बुडाचं पातेलं, मंद आच. आधी तडतड आवाज येतो, तो पाणी उडाल्याचा. आवाज शांत झाला, बेरी बदामी दिसली की लगेच बंद कर. गरम पातेल्यात ती आणखी गडद होतेच. विड्याचं पान त्याच वेळी टाकायचं. तूप हळूहळू, न हलवता गार झालं तरच रवाळ होतं.

आपल्याकडे साय जमत नाही, म्हणून बिनमिठाचं लोणी आणायचं, तेही विरजून केलेलं. आजीच्या तुपाचा वास त्या विरजणातूनच येतो. 250 ग्रॅमचं साधारण 200 ग्रॅम तूप होतं, बाकीचं पाणी आणि बेरी. बेरी टाकू नकोस. गरम असतानाच साखर घालून खा.

तुझी आई