पंडिता रमाबाईंच्या कामामागे ख्रिस्ती श्रद्धा होती का?

हो, तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. इंग्लंडमध्ये असताना, फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. ही माया येते कुठून, असं विचारल्यावर एका सिस्टरने बायबलमधली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; लोक जिला हलकी समजत, अशा त्या बाईशी येशू विहिरीवर आपणहून, आदराने बोलतो. त्यांना तो प्रसंग फार भिडला. १८८३ साली बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा निघाली आणि पुढे मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुली-विधवांना केडगावात आसरा मिळाला. टाकलेली बाई पुन्हा उभी राहू शकते, हा भरवसा मला त्या गोष्टीतूनच आलेला वाटतो. मात्र सगळं श्रेय धर्मांतराला देऊ नका. त्याआधीच, १८८२ मध्ये, त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता आणि ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासाठी साक्षही दिली होती.